ड्रोन हा बदली कामगार नाही

नागपुरात सध्या एक हिशेब फार लोकप्रिय आहे. भारतीय हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला शेवटच्या मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला आणि प्रत्यक्षातला आकडा २९ वर आला. तूट १३ स्क्वाड्रनची. नवी विमानं हाती यायला दशक लागतं, वैमानिक तयार व्हायला वर्षं लागतात आणि पैशाची ओढाताण तर कायमचीच. मग उपाय सोपा आहे, असं सांगितलं जातं. उरलेल्या प्रत्येक विमानासोबत दोन-चार मानवरहित विमानं उडवायची. एक वैमानिक, चार ड्रोन. अशा गुणाकारापुढे १३ स्क्वाड्रनची तूट म्हणजे किस झाड की पत्ती! शेवटी स्थानिक अभिमान हमखास येतो: आणि ड्रोन तर आपल्याच नागपूरजवळच्या बाजारगावला बनतात.

हा लेख या हिशेबाच्या विरोधात आहे. ड्रोनशी माझं काही वाकडं नाही. माणूस चालवत असलेलं लढाऊ विमान आणि त्याच्या सोबतीला उडणारी मानवरहित विमानं ही जोडी येणारच आहे, यायलाच हवी. पण जे काम ती करणार नाही तेही तिच्या नावावर मांडलं जातं आहे. नागपुरातल्या एम्प्रेस कापडगिरणीच्या काळात कायम कामगार गैरहजर राहिला की फाटकाशी ताटकळणाऱ्या बदली कामगाराला आत घेत. साच्यावरचा माणूस बदलायचा, साचा चालत राहायचा. ड्रोनकडे आज याच नजरेनं पाहिलं जातं: विमान नाही, वैमानिक नाही, मग ड्रोन घ्या आत. हवाई लढाईत मात्र जोडीदार ड्रोन उपयोगी पडतो तो कायम कामगार हजर असतो म्हणूनच. तो गैरहजर असेल तर बदलीवाल्याला काम सांगणारंच कोणी उरत नाही.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवं, कारण ते बाष्कळ नाही. त्याचे चार पाय आहेत. पहिला, ड्रोननं संख्येची तूट भरून निघते. दुसरा, ड्रोन स्वस्त असतो, गेला तरी परवडतो. तिसरा, लागणारी कारखानदारी आपल्याकडे, विशेषतः नागपूरकडे, तयार आहे. चौथा आणि सर्वांत वजनदार पाय म्हणजे वैमानिकाचा जीव वाचतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या हवाई प्रदर्शनात तेजस कोसळलं आणि आपला एक वैमानिक गेला. त्यानंतर हा चौथा मुद्दा कोणी हलक्यानं घेऊ शकत नाही, मीही घेत नाही. एकेक पाय तपासू.

संख्येपासून सुरुवात करायची तर आधी आजची हवाई लढत कशी होते ते पाहायला हवं. दोन विमानं एकमेकांच्या शेपटीमागे गिरक्या घेतात हे सिनेमातलं चित्र आहे. मे २०२५ च्या संघर्षात पाकिस्ताननं चिनी बनावटीचं पीएल-१५ क्षेपणास्त्र वापरलं. त्याचे अवशेष पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यात सापडले. त्याच्या निर्यातीसाठीच्या आवृत्तीचा जाहीर पल्ला १४५ किलोमीटर आहे. म्हणजे नागपूरवरच्या विमानानं अमरावतीवरच्या विमानावर मारा करावा इतकं अंतर. एवढ्या अंतरावरून लढायचं तर रडार लावावं लागतं, आणि रडार लावलं की आपण कुठे आहोत हे शत्रूच्या यंत्रांना कळतं. पाहायचं तर दिसावं लागतं, हाच या लढाईतला खरा पेच आहे.

जोडीदार ड्रोन हा पेच सोडवण्यासाठी आहे. तो पुढे जातो, रडार लावतो, शत्रूच्या लहरी टिपतो किंवा त्यांत गोंधळ माजवतो, जमल्यास दोन-चार क्षेपणास्त्रंही वाहून नेतो. मागे, शांतपणे, स्वतःचं रडार बंद ठेवून माणसाचं विमान येतं. ड्रोननं पाठवलेलं चित्र वैमानिक वाचतो, कुठलं लक्ष्य खरं आणि कुठलं फसवं ते ठरवतो आणि मारा कोणी कधी करायचा ते सांगतो. कल्पना अगदी नवी नाही. ९ जून १९८२ रोजी लेबनॉनमधल्या बेका खोऱ्यात इस्रायलनं मानवरहित विमानं पुढे धाडली. ती पाहून सीरियाच्या क्षेपणास्त्र तळांनी रडार सुरू केली, ठिकाणं उघडी पडली, मग मागून वैमानिकांची विमानं आली. १९ पैकी १७ क्षेपणास्त्र तळ त्या एका दिवसात नष्ट झाले. ड्रोन नसते तर विमानं आंधळी ठरली असती. विमानं नसती तर ड्रोननी फक्त छायाचित्रं काढली असती.

यातून संख्येबद्दल काय निघतं? ड्रोन आपल्याकडे असलेल्या विमानाची ताकद वाढवतो. नसलेल्या विमानाची ताकद त्याला वाढवता येत नाही. विमानं घटत गेली आणि ड्रोन वाढत गेले तर ड्रोनना मागून दिशा देणारं कोणी आकाशात उरणार नाही. मग ते जमिनीवरून किंवा उपग्रहामार्फत चालवावे लागतील, आणि त्या दुव्यावर शत्रूचा पहिला घाव पडेल. गुणाकाराचा हिशेब सांगणारे एक साधी गोष्ट विसरतात: गुणाकारातला एक आकडा घसरला की अख्खा गुणाकार घसरतो. शिवाय स्क्वाड्रन म्हणजे नुसती सोळा-अठरा विमानं नसतात. शांततेच्या काळात सीमेवर रोज गस्त घालणं, अनोळखी विमान आत आलं तर त्याच्या बाजूला जाऊन ते ओळखणं आणि वळवणं, भोंगा वाजल्यावर काही मिनिटांत उडणं हे तिचं काम. प्रवासी विमान वाट चुकलं आहे की कोणी खोडसाळपणा करतं आहे, हे त्याच्या खिडकीशेजारून उडत ठरवणारा ड्रोन अजून कुठल्याही देशानं तैनात केलेला नाही.

जोडीची तयारी करणारे देश माणूस कमी करत आहेत, असाही एक समज आहे. जे-२० या लढाऊ विमानाची चीननं दोन आसनी आवृत्ती बनवली. मागच्या आसनावरचा माणूस सोबतच्या ड्रोनना काम वाटून देईल, असं तिच्याबद्दल मानलं जातं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं २०२१ च्या ‘एरो इंडिया’त आपल्या जोडीदार ड्रोनचा, म्हणजे ‘कॅट्स वॉरियर’चा, आराखडा मांडला तेव्हा त्यातही ड्रोनना हुकूम देणारं विमान म्हणून दोन आसनी तेजसच होतं. २५ सप्टेंबर २०२५ रोजी ज्या ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला, त्यांतली २९ दोन आसनी आहेत. म्हणजे ड्रोन आले तर विमानात एक माणूस वाढण्याचीच शक्यता अधिक. वैमानिकांची भरती कमी करून जोडी जमेल असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता स्वस्ताई. नागपूरच्या नागास्त्रासारखा छोटा आत्मघाती ड्रोन नक्कीच स्वस्त असतो. पण लढाऊ विमानाच्या सोबतीनं उडायचं तर त्याच्या वेगाशी जुळेल असं जेट इंजिन लागतं, रडार लागतं, शत्रूला तोडता न येणारा संपर्क लागतो, क्षेपणास्त्र वाहण्याची ताकद लागते. एवढं सगळं बसवलं की त्याला ड्रोन म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा, ते एक विमान असतं आणि किंमतही विमानासारखी होते. अमेरिकेचे तेव्हाचे वायुदल सचिव फ्रँक केंडल यांनी आपल्या जोडीदार ड्रोनची किंमत एफ-३५ च्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी असावी असं सांगितलं होतं. रुपयांत तो आकडा एका ड्रोनमागे दोन-अडीचशे कोटींच्या घरात जातो. हे ‘गेलं तर गेलं’ म्हणण्याजोगं प्रकरण नाही.

आपलाच व्यवहार पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतानं अमेरिकेकडून ३१ एमक्यू-९बी ड्रोन घेण्याचा करार केला, देखभालीच्या सोयीसह सुमारे ३२ हजार कोटींचा. ९७ तेजसचा करार आहे ६२,३७० कोटींचा. दोन्हींत सुटे भाग आणि इतर साहित्य वेगवेगळं धरलेलं असल्यानं सरळ भागाकार करणं योग्य नव्हे. पण ड्रोन म्हणजे आपोआप स्वस्त, ही समजूत मोडायला एवढे आकडे पुरेत. त्याच जातीचा भाडेपट्ट्यानं घेतलेला एक ड्रोन करारावर सह्या होण्याच्या महिनाभर आधी बंगालच्या उपसागरात पडला. येमेनमध्ये हुथी बंडखोरांनी अमेरिकेचे डझनाहून अधिक एमक्यू-९ पाडले. तेव्हा ‘परवडणारा’ हे विशेषण कुठल्या ड्रोनला लावतो आहोत हे बोलणाऱ्यानं आधी सांगावं.

आता तिसऱ्या पायाकडे, म्हणजे नागपूरकडे. इथल्या कारखानदारीचं कौतुक करायला मी कंजुषी करणार नाही. सोलर उद्योगसमूहातल्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्जनं बनवलेलं नागास्त्र-१ हे खऱ्या अर्थानं कामाचं हत्यार आहे. वजन नऊ किलो, त्यात एक किलोचं स्फोटक. माणूस चालवत असेल तर पंधरा किलोमीटर, स्वतः जायचं असेल तर तीस किलोमीटर मारा. लक्ष्य सापडलं नाही तर छत्रीनं उतरवून पुन्हा वापरता येतं, ही सोय परदेशी बनावटीच्या अनेकांत नाही. सैन्यानं ४८० ची मागणी नोंदवली आणि त्यातल्या पहिल्या १२० ची खेप जून २०२४ मध्ये पुलगावच्या दारूगोळा भांडारात पोचली. ३० मार्च २०२५ रोजी पंतप्रधानांनी इथे मानवरहित विमानांसाठी बांधलेल्या १,२५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद धावपट्टीचं उद्घाटन केलं. स्फोटकांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमरावती रोडच्या पट्ट्यानं दहा-पंधरा वर्षांत इथवर मजल मारली, ही साधी गोष्ट नव्हे.

पण नागास्त्र ज्या लढाईसाठी आहे ती पायदळाची लढाई आहे. दोन-तीन जवान ते पाठीवर नेतात, डोंगरापलीकडचा बंकर टिपतात. कॅट्स वॉरियर सुमारे दोन टनांचा, दोन जेट इंजिनांचा, धावपट्टीवरून उडणारा. दोघांनाही ड्रोनच म्हणतात, पण एकाच्या अनुभवावरून दुसरा बनत नाही. नागास्त्राच्या यशाचा दाखला देऊन ‘जोडीदार ड्रोनही आपण करून टाकू’ म्हणणाऱ्यानं निदान इंजिन कुठून आणणार एवढं सांगावं.

कारण खरी गाठ इंजिनाशी आहे. तेजस मार्क-१ए ची विमानं २०२४ मध्ये मिळायला लागणार होती. करार २०२१ चा. अमेरिकेच्या जीई कंपनीकडून त्यांचं पहिलं एफ-४०४ इंजिन आलं ते मार्च २०२५ मध्ये. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळ ओझरला तेजसची तिसरी उत्पादन साखळी सुरू झाली, तिथून पहिलं विमान उडालं, समारंभ झाला. पण इंजिनं वेळेत आली नाहीत तर साखळ्या तीन असोत की तीस, विमानं सांगाड्याच्या अवस्थेतच उभी राहतात. आता ड्रोनवाले म्हणतात, ही अडचण ड्रोनला नाही. खरंच नाही? कॅट्स वॉरियरच्या इंजिनांची जमिनीवरची चाचणी जानेवारी २०२५ मध्ये झाली. त्यात बसवलेली पीटीएई-७ इंजिनं मुळात ‘लक्ष्य’ या सरावासाठी पाडायच्या लक्ष्यविमानासाठी घडवलेली. तेवढ्यावर पहिली झेप घेता येईल. पण रडार, शस्त्रं आणि पुरेसं इंधन घेऊन लढाऊ विमानाच्या सोबतीनं राहायचं तर अधिक ताकदीचं इंजिन लागणार. बंगळुरूच्या ‘घातक’ या मानवरहित बाँबफेकी विमानासाठी ‘कावेरी’ या देशी इंजिनाची आवृत्ती तयार होते आहे. कावेरी प्रकल्पाला मंजुरी मिळाली १९८९ साली. म्हणजे ज्या भिंतीला तेजस धडकलं, तीच भिंत जोडीदार ड्रोनच्याही वाटेत उभी आहे. ती फोडायची सोडून तिला वळसा घातल्याचं समाधान मानायचं असेल तर ड्रोनचा हिशेब बेशक मांडा.

आता इतरांच्या प्रगतीबद्दल, कारण समोरची मंडळी इथेच सर्वांत जोरात असतात. ऑस्ट्रेलियात बोइंगनं बनवलेल्या एमक्यू-२८ ‘घोस्ट बॅट’नं डिसेंबर २०२५ मध्ये हवेतून हवेत मारा करणारं क्षेपणास्त्र डागून लक्ष्यविमान पाडलं. त्याच्या थोडं आधी तुर्कस्तानच्या ‘किझिलएल्मा’नं तसंच केलं. अमेरिकेचे दोन जोडीदार ड्रोन २०२५ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा उडाले. अमेरिकेतच सप्टेंबर २०२३ मध्ये संगणकानं चालवलेलं एफ-१६ माणसानं चालवलेल्या एफ-१६ शी प्रत्यक्ष हवेत झुंजलं. हे सगळं खरं आहे आणि ते नाकारणारा शहामृग ठरेल. पण बारकाईनं पाहिलं तर? घोस्ट बॅटनं जे लक्ष्य पाडलं त्या मोहिमेत वैमानिक असलेलं सुपर हॉर्नेट आणि ई-७ हे निगराणी विमानही होतं. संगणकानं चालवलेल्या एफ-१६ मध्ये सावधगिरीसाठी वैमानिक बसलेले होते. दोन्ही ठिकाणी लक्ष्य ठरलेलं, आकाश आपलं, संपर्कात अडथळा आणणारा शत्रू नाही. सर्वांत पुढे गेलेल्यांनीही माणसाला जवळच ठेवलं आहे, आणि ते भीतीपोटी नव्हे.

शत्रूचं आकाश असलं की काय होतं त्याचं उदाहरण रशियानं दिलं. एस-७० ‘ओखोत्निक’ हा त्यांचा मोठा जोडीदार ड्रोन, सुखोई-५७ सोबत उडण्यासाठी बनवलेला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी युक्रेनमधल्या कोस्तियान्तिनिव्काजवळ तो पडला. पाडला रशियाच्याच लढाऊ विमानानं. त्याचा ताबा सुटला असावा आणि तो युक्रेनच्या हाती जाऊ नये म्हणून हे केलं असावं, हे त्याचं सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. जोडीदारानं साथ सोडली की दुसऱ्या जोडीदारावर त्यालाच पाडायची वेळ येते. आपल्या पश्चिम आणि उत्तर सीमेवर संपर्क तोडणारी यंत्रणा युक्रेनमधल्यापेक्षा दुबळी असेल असं मानायला काही आधार नाही. संपर्क तुटल्यावर ड्रोननं काय करायचं? परत यायचं, घिरट्या घालायच्या की आधी सांगितलेलं काम स्वतःच्या बुद्धीनं पुरं करायचं? हा निर्णय कारखान्यात, प्रोग्रॅम लिहिताना होणार आहे. तो कोण घेणार, याची आपल्याकडे जाहीर चर्चाच नाही.

मे २०२५ मधल्याच आणखी दोन गोष्टी. ८ आणि ९ मेच्या रात्री पाकिस्ताननं ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं भारत सरकारनं सांगितलं. एवढी संख्या येऊनही आपले तळ बंद पडले नाहीत. जुन्या तोफांपासून आकाश क्षेपणास्त्रांपर्यंत सगळ्यांनी मिळून त्यांचा समाचार घेतला. स्वस्त ड्रोनला स्वस्त उतारा निघतोच. नागपूरच्याच सोलर समूहानं बनवलेल्या ‘भार्गवास्त्र’ या ड्रोनविरोधी छोट्या रॉकेटांची चाचणी १३ मे २०२५ रोजी ओडिशातल्या गोपाळपूरला झाली. एकाच उद्योगसमूहाच्या हातून ड्रोनही आणि त्याचा काळही जन्माला आला, यावरून ड्रोनच्या अजिंक्यपणाचं जे समजायचं ते समजावं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संघर्षाच्या सुरुवातीला आपली विमानं पडली हे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापुरात मान्य केलं, आणि डावपेचातली चूक ओळखून, ती दुरुस्त करून दोन दिवसांनी आपण सगळी विमानं पुन्हा उडवली असंही सांगितलं. या दोन दिवसांत काय झालं असेल याचा विचार करा. वैमानिक परतले, त्यांनी काय दिसलं, काय दिसलं नाही, कुठे फसलो ते सांगितलं, त्यावरून नवी चाल ठरली आणि तीच माणसं ती घेऊन उडाली. ड्रोनच्या नोंदी मिळतील, त्याचा प्रोग्रॅमही बदलता येईल. पण शत्रूच्या मनात काय होतं हे सांगणारा साक्षीदार वैमानिक असतो. तो विमानतळावर परतलाच पाहिजे आणि त्याआधी तो आकाशात असलाच पाहिजे.

आता चौथा पाय, जीव वाचवण्याचा. वैमानिकाला सर्वांत पुढच्या धोक्यातून मागे आणणं हे जोडीचं खरं, मोठं आणि नैतिक बळ आहे. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. फक्त ‘मानवरहित युद्ध’ असं काही असतं हे मला पटत नाही, आणि विदर्भात राहणाऱ्याला तर ते मुळीच पटू नये. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात स्फोट झाला, नऊ कामगार गेले. त्यांत बहुसंख्य बाया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठजण गेले. ड्रोन वाढले की त्यांची स्फोटकं वाढतील, ती भरणारे हात वाढतील. वैमानिकाच्या जिवाचं मोल मोजणाऱ्यांनी त्याच हिशेबात हे जीवही धरावेत. धोका विमानातून काढून शेडमध्ये आणून ठेवायचा आणि युद्ध निर्धोक झालं म्हणून टाळ्या वाजवायच्या, हा अप्रामाणिकपणा आहे.

जिवाबरोबर जबाबदारीचाही प्रश्न येतो. ९ मार्च २०२२ रोजी आपलं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडलं. चौकशी झाली, कार्यपद्धती कुठे मोडली हे निश्चित झालं आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना नोकरीतून काढण्यात आलं. अण्वस्त्रधारी शेजाऱ्याशी प्रकरण हाताबाहेर गेलं नाही याची अनेक कारणं असतील. पण चूक कोणाची याचं उत्तर देता आलं हे त्यांतलं मोठं. उद्या जोडीदार ड्रोननं सीमेपलीकडे चुकीचं लक्ष्य पाडलं तर उत्तर कोणाकडे मागायचं? हुकूम देणाऱ्या वैमानिकाकडे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे, की संपर्क तोडणाऱ्या शत्रूकडे? डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित मारक शस्त्रांबद्दलचा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोधातल्या चारांत भारत होता. या विषयाची चर्चा दुसऱ्या मंचावर व्हावी ही आपली भूमिका मी समजू शकतो. पण बाहेर चर्चा नको म्हणणाऱ्या देशानं घरात तरी नियम लिहून ठेवावेत.

इथवर वाचून काही जुने लोक खुश झाले असतील. ‘विमान ते विमानच, वैमानिक तो वैमानिकच, बाकी पोराटोरांची खेळणी’, हे त्यांचं मत. त्यांच्याशीही माझं जमत नाही. ३ सप्टेंबर २०२५ रोजी बीजिंगच्या संचलनात चीननं मानवरहित लढाऊ विमानांची रांगच उभी केली. त्यांतलं सगळंच उद्या उडणार नाही, पण काही नक्की उडेल. तेव्हा समोरून येणारी प्रत्येक फळी दोन-तीन थरांची असेल आणि आपण एका थरानं तिला सामोरे गेलो तर आपले वैमानिक, ज्यांच्या शौर्याची हे लोक शपथ घेतात, तेच आधी पडतील. जोडीला नकार देणं आणि जोडीच्या नावावर विमानं कमी करणं या दोन्ही चुकांचा परिणाम एकच आहे: पुढे एकटा वैमानिक.

मग करायचं काय? इथे नागपूरचा संबंध येतो, आणि तो बाजारगावपेक्षा वायुसेनानगरशी अधिक आहे. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय या शहरात आहे. देशभरच्या दुरुस्ती आगारांचा आणि सुट्या भागांच्या कोठारांचा कारभार इथून चालतो. सुखोई-३० ची संपूर्ण उलगडून दुरुस्ती जिथे होते ते ओझरचं ११ क्रमांकाचं आगारही याच कमांडखाली. ड्रोनच्या लोकप्रिय चर्चेत या कमांडचं नाव मी कधी ऐकलं नाही, आणि गंमत म्हणजे जोडी टिकणार की नाही हे तिथेच ठरणार आहे.

कारण जोडीदार ड्रोनच्या देखभालीचं कोडं विमानापेक्षा वेगळं आहे. वैमानिकाचा हात चालू राहावा म्हणून विमान नेहमी उडवावं लागतं. ड्रोनचा सराव बराचसा संगणकावर होतो, म्हणून तो महिनोन्‌महिने कोठारात पडून राहील. आणि मग एका पहाटे त्यानं पहिल्या हाकेला उडायचं. पडून असलेल्या यंत्रात रबरी सील वाळतात, बॅटऱ्या उतरतात, इंधनाच्या नळ्या कुजतात. संपर्काच्या गुप्त चाव्या आणि प्रोग्रॅम मागे पडतात. रोज उडणाऱ्या विमानाचा दोष रोज कळतो, पडून असलेल्याचा दोष युद्धाच्या दिवशी कळतो. असं यंत्र कसं साठवायचं, किती दिवसांनी जागवायचं, कुठला भाग कधी बदलायचा याची शिस्त आधी लागते, ड्रोन नंतर लागतात. ही शिस्त बसवायला दुरुस्तीच्या कामात हात काळे केलेली माणसं आराखड्याच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून बसवायला हवीत. आपल्याकडे ती यंत्र हाती आल्यावर बोलावली जातात.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि रुक्ष आहेत. स्क्वाड्रनचा आकडा सांगताना त्यात ड्रोन मिसळू नयेत. ४२ म्हणजे विमानांच्या ४२ स्क्वाड्रन; हा आकडाच कालबाह्य झाला असेल तर तसं संसदेत सांगावं आणि नवा आकडा कारणांसह मांडावा. जोडीदार ड्रोनचा खर्च वेगळ्या खात्यावर दाखवावा, म्हणजे विमानांच्या पैशातून तो परस्पर काढला जातो का हे कळेल. इंजिनाच्या कामाला विमान आणि ड्रोन या दोघांचं मिळून एक राष्ट्रीय काम मानावं. संपर्क तुटल्यावर मारा करायचा की नाही याचा नियम सैन्यानं लिहावा, कंपनीनं नव्हे. आणि स्फोटक कारखान्यांतल्या सुरक्षेचा दर्जा धावपट्टीवरच्या सुरक्षेइतका कडक करावा.

यातली एकही मागणी ड्रोनच्या आड येत नाही. उलट या पाच गोष्टी झाल्या नाहीत तर ड्रोन येतील, समारंभ होतील, आकडे फुगतील, आणि फुगलेल्या आकड्यावर विसंबून कोणीतरी पुढची विमानखरेदी आणखी पाच वर्षं लांबवेल. ४२ वरून २९ वर आपण शत्रूमुळे आलो नाही. अशाच लांबवलेल्या निर्णयांमुळे आलो. तेरा स्क्वाड्रनची तूट भरायची तर तेरा स्क्वाड्रनच उभ्या कराव्या लागतील, आणि त्यांच्यासोबत उडायला ड्रोन वेगळे लागतील. खर्च दोन्हींचा आहे. तो झेपत नसेल तर तसं सरळ सांगावं; नागपूरच्या ड्रोनचा आडोसा घेऊन तो लपवू नये.